दान कोणी कोणाला दिले?



लग्नसराई आली की पॅरिश ऑफिसच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग साचतो. हल्ली पुष्कळ पत्रिकांवर खाली एक ओळ असते, ‘कृपया आहेर आणू नये’. आम्हांला ही ओळ फार आवडायची. देवाणघेवाणीच्या कटकटीतून सगेसोयरे सुटले, असे वाटायचे. एकदा एका आजींनी विचारले, “फादर, आमच्याकडून काही घ्यायचंच नाही, तर बोलवायचं तरी कशाला?” आम्हांला उत्तर सुचले नाही.

सेमिनरीत आम्ही मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा १९२५ सालचा भेटींवरील निबंध वाचला होता. त्यात न्यूझीलंडच्या माओरी लोकांविषयी आहे. भेटीमध्ये देणाऱ्याचा काही प्राण असतो आणि तो मूळ ठिकाणी परतू पाहतो, अशी त्यांची समजूत. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधनेच, असे मॉस म्हणतो. परतफेड आली तर ते दान कसले, तो व्यवहार झाला, असा शेरा आम्ही वहीत मारला होता. तेव्हा आम्ही विशीत होतो.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. वनहक्क कायद्याने २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली तिथला बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. पण त्याहून विलक्षण गोष्ट २०१३ साली घडली. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेला देण्याचे गावाने ठरवले. तेही बहुमताने नव्हे. या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचे मन वळत नसेल तर बाकीचे थांबतात. (आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये हा नियम केला तर काय होईल, हा विचार आम्ही मध्येच सोडून दिला.)

ग्रामदानात शेत ज्याचे तोच कसतो, पुढे त्याची मुले कसतात. मात्र ते बाहेरच्या माणसाला विकता येत नाही. मग दिले काय? विकण्याचा अधिकार. आणि दिला कोणाला? ग्रामसभेला, म्हणजे सगळ्या गावाला, ज्यात देणाराही आला. कोणी म्हणेल, यात त्याग कसला, त्याचीच जमीन सावकारापासून वाचली. खरे आहे. पण देणाऱ्याचेही भले झाले म्हणून दान खोटे ठरते, असे आम्हांला आता वाटत नाही. हिशेब कायमचा मिटवून टाकला, तर मात्र ते दान राहत नाही. आहेराच्या वह्या पाहा. १०१ आले असतील तर आपण १५१ करतो. जाणूनबुजून बरोबरी टाळतो, कारण फिटंफाट झाली की येणेजाणेही संपले. आजींना हेच म्हणायचे असावे.

मालकी एकट्याची असली तरी वस्तूंचा उपयोग सर्वांसाठी समजावा आणि गरजवंताला त्या सहज द्याव्यात, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. प्रवचनात आम्ही ते कितीदा सांगितले आहे. ऐकणाऱ्यांकडे सातबारा असतो, आमच्याकडे नसतो. त्यामुळे सांगणे सोपे जाते.

गेल्या महिन्यात आपल्या वसईतलेच दोन चुलतभाऊ ऑफिसात आले होते. वाडीची वाटणी झाली, अडले ते बावखलापाशी. तीन पिढ्या दोन्ही घरांच्या केळी-पानवेली त्या पाण्यावर जगल्या. धाकट्याला आपला अर्धा हिस्सा भराव टाकून विकायचा आहे. थोरला म्हणतो, पाण्यात रेघ कुठे मारणार? धाकट्यावर कर्ज आहे आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आहे. त्याला आम्ही मेंढ्याची गोष्ट सांगितली. तो शांतपणे म्हणाला, “फादर, त्या गावात सगळ्यांनी एकदम दिलं. मी एकट्यानं द्यायचं का?”

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर दोघेही पुन्हा येणार आहेत. या वेळी थोरल्याला आम्ही विचारणार आहोत, की धाकट्याच्या कर्जातला किती भार तो उचलेल.