नायकाचा गर्व: गुण की अवगुण?



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या युवक-युवतींनी पॅरिश हॉलमध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट तीन संध्याकाळी पाहिले. चित्रपट २००१ ते २००३ मधले, म्हणजे पाहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधीचे. तरी हॉल भरलेला होता. शेवटच्या दिवशी खुर्च्या आवरता आवरता बारावीतल्या एका मुलाने मला गाठले. "फादर, धर्मशिक्षणाच्या वर्गात तुम्ही सांगता, सात घातक पापांत पहिला नंबर गर्वाचा. पण हे नायक तर सगळे गर्विष्ठच असतात. गर्व नसता तर ते लढायला उठले तरी असते का?" मी म्हटले, "पुढच्या रविवारी सांगतो." तीन रविवार उलटले. म्हणून आता लिहूनच देतो.

आपल्या मराठीने या बाबतीत आपली थोडी सोय केली आहे. मुलगी पहिली आली की आई म्हणते, "तुझा अभिमान वाटतो गं." तीच मुलगी शेजारणीला ओळख देईनाशी झाली की आई म्हणते, "ताठा आलाय नुसता." स्वाभिमान, अभिमान, गर्व, अहंकार, ताठा, माज अशी आपल्याकडे एक उतरंडच आहे. इंग्रजीत हे बहुतेक सगळे एकाच शब्दावर भागवतात, आणि आमची मुले या कादंबऱ्या इंग्रजीतूनच वाचतात. पण शब्द वेगळे असले म्हणून प्रश्न सुटत नाही. अभिमानाचा गर्व नेमका कोणत्या पायरीवर होतो, हे शब्दकोश सांगत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राने मी गोंधळून गेलो होतो. त्याच्या चौथ्या भागात एक 'थोर मनाचा' माणूस आहे. तो स्वतःला मोठ्या मानाला पात्र समजतो आणि खरोखरच पात्र असतो. तो सावकाश चालतो, खर्जात बोलतो, घाई करत नाही. (आमच्या वर्गात एक जण महिनाभर तसा चालत असे.) ॲरिस्टॉटल याला सद्गुण म्हणतो. एवढेच नव्हे, पात्रता असून स्वतःला अपात्र समजणारा लहान मनाचा माणूस हा त्याच्या मते पोकळ फुशारक्यापेक्षा वाईट. ख्रिस्ती माणसाला हे कसे पटावे?

संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका' लिहिताना त्यांनी ॲरिस्टॉटलचा थोरपणाही ठेवला आणि नम्रताही ठेवली, आणि दोहोंत भांडण नाही असे सांगितले. देवाने आपल्याला जे दिले आहे ते ओळखून मोठ्या कामाला हात घालणे हा थोरपणा. आपल्यात जे उणे आहे ते ओळखून पायरीवर राहणे ही नम्रता. दोन्ही खऱ्यावर उभ्या आहेत. गर्व खोट्यावर उभा असतो: जे दिलेले आहे ते मीच मिळवले असे तो म्हणतो, किंवा जे माझे नाहीच त्यावर हक्क सांगतो. थॉमस आणखी एक पाऊल पुढे जातात. ज्याने भीतीने तालांत जमिनीत पुरला, तो चाकर त्यांच्या लेखी नम्र नव्हे, भ्याड होता. आणि असा भ्याडपणाही कधी कधी गर्वातूनच येतो, कारण 'मला जमणार नाही' हे आपलेच मत माणूस सर्वांच्या मतापेक्षा खरे धरून बसतो. पॅरिश कौन्सिलच्या निवडणुकीत हा प्रकार मी दरवेळी पाहतो.

आता त्या मुलाच्या नायकांकडे वळू. जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) हे आपल्याच श्रद्धेचे. ते आठ वर्षांचे असताना आईने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, १९०४ साली ती वारली, आणि बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी दोन्ही मुलांचे पालकत्व सांभाळले. गर्व हे पाप आहे हे त्यांनी लहानपणीच ऐकले असणार. तरीही त्यांचा ॲरागॉर्न मान खाली घालून फिरत नाही. वेळ आली की तो आपले नाव, कुळ, तलवार सगळे ठणकावून सांगतो. पण युद्ध जिंकल्यावर, राज्य हाताशी आले असताना, तो नगराबाहेर तंबूत राहतो आणि नगरात शिरतो तो जखमींना बरे करण्यासाठी. राज्याभिषेकाच्या दिवशी मुकुट आणण्याचा मान तो फ्रोडोला देतो आणि डोक्यावर चढवण्याचा गँडाल्फला. आपण कुणाच्या कष्टावर इथवर आलो हे तो विसरत नाही. हा ॲरिस्टॉटलचा थोर माणूस खरा, पण ऋण ओळखणारा.

डेनेथॉरचे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटते. तो गोंडोरचा कारभारी. राजा नाही, राजाच्या जागेची राखण करणारा. थोरला मुलगा बोरोमीर लहान असताना त्याला विचारतो, राजा परतला नाही तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती वर्षे लागतात? बाप सांगतो, कमी प्रतिष्ठेच्या राज्यांत थोडी पुरत असतील, इथे दहा हजारही पुरणार नाहीत. त्या उत्तरात अभिमान आहे, पण तो सेवेचा. हाच माणूस म्हातारपणी, खरा राजा दाराशी आल्यावर, जागा सोडायला तयार होत नाही आणि शेवटी स्वतःची चिता पेटवतो. मधे काय घडले? राखायला दिलेली वस्तू हळूहळू स्वतःची वाटू लागली. हे वाचताना मला राजे-कारभारी आठवत नाहीत, धर्मगुरू आठवतात. बदलीचे पत्र आल्यावर 'माझे चर्च, माझी माणसे' म्हणत मीही एकदा आठवडाभर जेवलो नव्हतो.

बोरोमीरने तर अंगठी हिसकावण्याचाच प्रयत्न केला, तोही आपल्या नगराच्या प्रेमापोटी. पण मरताना त्याने ते ॲरागॉर्नजवळ कबूल केले. बापाला जे जमले नाही ते मुलाला जमले. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मधल्या गेडचेही तसेच. तो वर्गसोबत्याला खिजवायला मृतात्म्याला बोलावतो आणि एक काळी छाया मोकळी सुटते. तिला जिंकायला त्याला एकच उपाय उरतो: तिला स्वतःचेच नाव द्यायचे. ले ग्विन ख्रिस्ती परंपरेतून लिहीत नव्हत्या; तरी पापनिवेदनाविषयी इतके नेमके मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

म्हणजे त्या मुलाला उत्तर असे, की नायक उठतात ते गर्वाने नव्हे, आणि पडतात तेव्हा बहुधा गर्वाने. पण हे लिहिताना माझा एक जुना अपराध आड येतो. दीक्षा होऊन दोनच वर्षे झाली होती. पहिल्या पॅरिशमध्ये कॉयरमध्ये एक मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. स्पर्धेत पहिली आली आणि बक्षीस घेऊन नाचत माझ्याकडे आली. "फादर, मीच सगळ्यांत चांगली गायले!" खरोखरच ती गायली होती. मी सर्वांदेखत म्हटले, "बाळा, गर्व करू नये." ती पुन्हा सोलो गायला उभी राहिली नाही. लोक मला म्हणाले, मुलगी किती नम्र झाली. गेल्या वर्षी एका लग्नात भेटली. मी विचारले, गातेस ना? "छे हो फादर, मला कुठे येतं," म्हणाली आणि मुलाला भरवू लागली.

हा लेख छापायला देण्याआधी त्या बारावीच्या मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "पण फादर, पुस्तकात रोहनच्या राजवाड्याच्या दारात ॲरागॉर्न तलवार ठेवायला तयारच नसतो. तो गर्वच ना?"

मी म्हटले, मला वाटते हो, थोडासा.

"पण ठेवली ना शेवटी?"

ठेवली. स्वतःच्या हाताने, भिंतीला टेकवून. वर कुणी हात लावायचा नाही, असे बजावूनच.