एका घरातली दोन मतं

इन्फोसिसची गोष्ट आमच्या क्षेत्रात इतक्यांदा सांगितली जाते, की तिच्यातल्या एका तपशिलापाशी कुणी थांबत नाही. १९८१ साली पुण्यात कंपनी सुरू झाली तेव्हाचे दहा हजार रुपये सुधा मूर्तींनी दिले होते. त्या स्वतः टेल्कोत इंजिनियर. पण कुटुंबाला कंपनीत आणायचं नाही, हा नारायण मूर्तींचा आग्रह होता, त्यामुळे त्या बाहेरच राहिल्या. २०२४च्या एका मुलाखतीत मूर्तींनीच सांगितलं, की त्या माझ्यापेक्षा आणि बाकीच्या सहा संस्थापकांपेक्षाही जास्त पात्र होत्या, माझं चुकलं.

नियमाचा हेतू वाईट नव्हता. नवरा-बायको दोघंही एका संचालक मंडळावर असतील तर काय बिघडतं, असं विचारलं की नेहमीचं उत्तर येतं: एका घरात दोन मतं जातात. मला हे उत्तर कच्चं वाटतं. नवरा-बायकोचं प्रत्येक गोष्टीत एकमत असतं असं मानणाऱ्याने एकदा कुणाच्याही घरी पडद्यांचा रंग ठरताना बघावा. हॉस्टेलपासूनचे दोन मित्र त्यांच्यापेक्षा जास्त एकसुरात हात वर करतात, आणि त्यांच्याविरुद्ध कुठेच नियम नसतो.

खरी अडचण मतांची नाही, जागेची आहे. मंडळाचा विषय रात्री जेवताना निघतो, तिथे निम्मा सुटतो, आणि त्या चर्चेचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही. बाकीचे सदस्य बैठकीला येतात ते मध्यंतरानंतर नाटकाला आल्यासारखे. मी एका छोट्या न्यासाची वेबसाइट सांभाळते. तिथल्या पाच विश्वस्तांत एक जोडपं आहे, माणसं सज्जन. पण खजिनदार काकांना एखादी पावती मागायची तर ती काकूंसमोर मागावी लागते, आणि बैठक त्यांच्याच घरी, काकूंनी केलेले पोहे खात. पावती मागायची राहून जाते. यात कुणीच लबाडी केलेली नसते, हेच त्यातलं अवघड.

कायद्याला हे दिसतं, पण अर्धवट. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार प्रवर्तकाचा किंवा संचालकाचा जोडीदार ‘स्वतंत्र संचालक’ होऊ शकत नाही. त्याच कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमायला लावली, तेव्हा कित्येक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या पत्नी नाहीतर मुली आणून बसवल्या. म्हणजे बाई म्हणून मोजायला चालेल, स्वतंत्र म्हणून नाही. सेबीने पुढे मोठ्या कंपन्यांपुरती तरी महिला संचालक स्वतंत्रच हवी अशी दुरुस्ती केली (एप्रिल २०१९पासून पहिल्या ५०० कंपन्यांना, वर्षभराने पहिल्या १०००ना).

दुसऱ्या टोकाचं उदाहरण गेट्स फाउंडेशनचं. अब्जावधी डॉलर वाटणाऱ्या या संस्थेचे २०२१पर्यंत विश्वस्त होते फक्त तीन: बिल, मेलिंडा आणि वॉरन बफे. दोघं एकमताने बोलले की तिसऱ्याच्या मताला अर्थ उरत नाही. २०२१च्या मे महिन्यात घटस्फोटाची घोषणा झाली, जूनमध्ये बफे बाहेर पडले, आणि दोन वर्षांनी एकत्र काम जमत नाही असं वाटलं तर मेलिंडांनी राजीनामा द्यायचा, असं ठरलं. २०२२च्या जानेवारीत चार नवे विश्वस्त आले. जून २०२४मध्ये मेलिंडा बाहेर पडल्या, स्वतःच्या कामासाठी साडेबारा अब्ज डॉलर घेऊन.

रक्कम मोठी आहे, तक्रारीला जागा नाही. पण बेंगळुरूची कंपनी असो की सिएटलचं फाउंडेशन, ‘दोघांपैकी एकच’ अशी वेळ आली की उठायचं कुणी, हे आधीच ठरलेलं दिसतं. नियम ‘जोडीदार’ म्हणतो, खुर्ची मात्र बायकोची रिकामी होते. तरीही लोकांचा पैसा असलेल्या संस्थेत दोघांनी एकत्र असू नये, असंच माझं मत आहे. निदान एक खजिनदार आणि दुसरा चेकवर सही करणारा, हे तरी नको. फक्त कुणी राहायचं हे त्या दोघांनी घरी ठरवायचं नाही. आपण उदारपणे थांबतो म्हणणाऱ्या बायकोचा राजीनामा मंडळाने कौतुक करून स्वीकारायचा नाही. काम बघून मंडळाने मतदान करावं, आणि तेव्हा दोघांनीही खोलीबाहेर बसावं.

आमच्या न्यासाची मुदत पुढच्या वर्षी संपते. मी विश्वस्त नाही, मला मत नाही. पण हिशेब काकूंना जास्त कळतो.