पहिल्या घासानंतर

उष्टावणाला पहिला घास मामा भरवतो. मुलगा असेल तर सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलगी असेल तर पाचव्या किंवा सातव्या. खीर होते, चांदीची वाटी निघते, औक्षण होतं, फोटो काढले जातात आणि संध्याकाळी मामा आपल्या गावी निघून जातो. या विधीत मला मोठं शहाणपण दिसतं. इतके दिवस बाळ एकट्या आईच्या अंगावर वाढलं, आता इथून पुढे त्याला वाढवायला बाकीच्यांनीही हात लावायचा आहे, हे चार माणसांसमोर कबूल केलं जातं. म्हणून तर तो घास आईच्या हातचा नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुढचे सगळे घास पुन्हा तिच्याच वाट्याला येतात, आणि याबद्दल कुणालाच काही वाटत नाही.

वरचं अन्न कधी सुरू करायचं आणि काय द्यायचं, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. अंगणवाडीच्या भिंतींवर ते रंगवलेलं असतं, आशाताईंच्या तोंडी असतं. ते भरवायचं कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्या पाहिल्या की मला वाटतं, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक आयांना ठाऊक आहेत. अडतं ते तिसऱ्यापाशी.

सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली पक्का केला. त्याआधी चार ते सहा महिने असं सांगितलं जाई. सहाव्या महिन्यानंतर दूध कमी कसाचं होतं असं नाही. बाळाची गरज त्याच्या पुढे जाते. जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो आणि दुधात लोह अगदीच थोडं असतं. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायचंच असतं. ‘अजून अंगावर पितंय ना, मग काय घाई’ हे जितकं चुकीचं, तितकंच ‘आता जेवायला लागलं, तोडा अंगावरचं’ हेही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशात सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ४५.९ टक्के बाळांना दुधासोबत घट्ट किंवा मऊ अन्न मिळत होतं. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी फक्त ११.३ टक्के. हा आकडा इतका खाली आहे की त्याचा दोष केवळ गरिबीवर टाकता येत नाही; खाऊनपिऊन सुखी असलेली घरंही त्यात आहेत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या छत्तीस मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी भरलं. दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिन्यांपासून लावतात. ती साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल पट्ट्यात गेली की मूल अतितीव्र कुपोषित. पट्टीचं वय आणि उष्टावणाचं वय एकच आहे.

आता वाटीत काय असतं ते पाहू. कर्जत हा भाताचा तालुका. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेली कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं कोकणातल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात. डोंगरउतारावर ठाकूरवाड्यांतून नाचणी होते, वरी होते. म्हणजे बाळाच्या वाटीत घालायला उत्तम ते इथेच पिकतं. तरीही त्या वाटीत बहुतेक वेळा पेजेचं पाणी असतं, नाहीतर वरणाचं. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात; पाण्यासारखी पेज त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही. बाळाचं पोट वजनाच्या दर किलोमागे तीस मिलिलिटर एवढंच, म्हणजे सात किलोच्या बाळाचं दोनशेच्या आसपास. ते पोट पातळ पाण्याने भरलं की बाळ तृप्त दिसतं, झोपतं, आणि अंगावर कमी पितं. चांगल्या दुधाच्या जागी आपण त्याला हलकं पाणी दिलेलं असतं. चमच्यातून सहज ओघळणार नाही इतका दाट मऊ भात, त्यात घोटलेली डाळ, वर चमचाभर तेल किंवा तूप, एवढ्याने गोष्ट बदलते. एका चमचा तेलात ४५ कॅलरी असतात.

दाट अन्न बाळाला गिळता येत नाही, ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपायही घरातलाच आहे. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारी विकरं तयार होतात. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळली आणि ते पीठ चिमूटभर दाट, गरम लापशीत कालवलं, की लापशी डोळ्यांदेखत सैल होते, पण तिच्यातलं धान्य तेवढंच राहतं. बडोद्याला तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर नीट काम केलं. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करतात तेव्हा ती भिजवतात, वाटतात आणि वस्त्रगाळ करतात. त्या गाळण्यात कोंड्याबरोबर लोहही बरंच जातं. न गाळलेलं पीठ बारीक दळून घेतलं तर जास्त बरं. अंडं, बारीक केलेली मासळी, शेवग्याचा पाला हेही सातव्या-आठव्या महिन्यापासून चालतं. ‘मासे पचत नाहीत’ म्हणून दातांची वाट पाहत बसू नये.

हे सगळं अंगणवाडीच्या ताई सांगतात आणि आया ऐकतात. मग पेज पातळ का राहते? कारण पातळ पेज पेल्याने पाजता येते आणि दोन मिनिटांत संपते. दाट भात भरवायला वीस मिनिटं, अर्धा तास बसावं लागतं. बाळ तोंड फिरवतं, थुंकतं, भातात हात घालतं, हसतं, पुन्हा आ करतं. तेवढा वेळ समोर शांत बसणारं माणूस पाहिजे. दिवसातून तीन-चार वेळा पाहिजे, आणि वर्षभर पाहिजे. पातळ पेज हे घाईतल्या घराचं अन्न आहे. तिला अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

जुलैत कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगराखालच्या एका वाडीत हे मी जवळून पाहिलं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. वाडीत मोठं माणूस जवळजवळ नव्हतं. एका ओटीवर सात-आठ वर्षांची मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी होती. आईने पहाटे पेज करून टोपात झाकून ठेवली होती आणि ती पातळ केली नव्हती, चांगली दाटसर होती. पण दुपारपर्यंत तांदूळ खाली बसला होता. मुलगी वरचं पाणी निथळून पेल्यात घ्यायची, कारण तेवढं तो गटागट प्यायचा. तळचा भात चमच्याने द्यायला गेली की तो रडायचा, म्हणून तो भात तिने स्वतः खाल्ला. नंतर काळ्या चहात बुडवलेलं बिस्किट त्याच्या हातात दिलं. ते मऊ होऊन तुटलं, ओटीवर पडलं, तिने उचलून फुंकर मारली आणि त्याच्या तोंडात घातलं. भावाला सांभाळण्यात तिने कसूर केली नव्हती. शाळेचा दिवस होता तो.

संध्याकाळी तिची आई आली तेव्हा माझ्याबरोबरच्या अंगणवाडीच्या ताईंनी तिला दिवसातून तीनदा भरवण्याचं पुन्हा समजावलं. ती म्हणाली, “ताई, मी भरवत बसले तर आवणीला कोण जाणार?” या प्रश्नाला भिंतीवरच्या चित्रात उत्तर नाही. शेत स्वतःचं असो वा मजुरीचं, रोप हातात आलं आणि पाऊस धरून आहे तोवर लावणी उरकावीच लागते, आणि ते काम मुख्यतः बायांचं आहे.

कातकऱ्यांचं याहून कठीण. दिवाळी झाली की घरदार बंद करून कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली असते. विटा थापायला पहाटेच्याही आधी उठायचं, नवरा-बायकोने जोडीने राबायचं. म्हातारी माणसं बऱ्याचदा वाडीवरच राहतात, म्हणजे भरवू शकणारे हातही मागे राहतात. बाळाचं नाव एका अंगणवाडीत आणि बाळ दुसऱ्याच तालुक्यात. दिवाळीला जे मूल चार महिन्यांचं असतं, त्याचे सहावा ते अकरावा हे सगळे महिने भट्टीवर जातात. कातकरी ही केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या जमातींपैकी एक आहे. ती असुरक्षितता कशात आहे ते पाहायचं तर या महिन्यांकडे पाहावं.

कुणाला वाटेल हा वाड्यांपुरता प्रश्न आहे. तर सकाळी कर्जत स्टेशनवर उभं राहून पाहावं. मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईला जायला दोन तास, यायला दोन तास. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीरजा २६ आठवड्यांची झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि पूर्ण २६ नंतर घेतले तरी ते बरोबर सहा महिने होतात. म्हणजे ज्या आठवड्यात बाळाला माणसाची गरज वाढते, त्याच आठवड्यात कायदा आईला लोकलमध्ये चढवतो. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन सुट्ट्या हव्यात, असंही हा कायदा सांगतो. पण दादरच्या ऑफिसात मिळालेली सुट्टी नेरळला ठेवलेल्या बाळाच्या काय कामाची? तिथे आजी असते म्हणून निभावतं. आजी हीच आपली सगळ्यात मोठी पोषण योजना आहे, आणि ती नसेल तिथे दुसरी योजना नाही.

सरकारी व्यवस्थेतली फट नेमकी इथे आहे. एकात्मिक बालविकास सेवा २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं, बसतं, ताज्या शिजवलेल्या अन्नाचं ताट समोर येतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र घरी न्यायचा शिधा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यातून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली होती. पाकीट घरी पोचतं. ते शिजवायला आणि भरवायला लागणारं माणूस पाकिटात येत नाही, आणि घरी गेलेला शिधा साऱ्या घराचा होतो. जे मूल स्वतः चालत येऊन हाताने जेवू शकतं त्याला आपण माणूस दिलं. ज्याला हात धरून भरवावं लागतं त्याला पुडा.

ही अडचण महाराष्ट्रात पूर्वीच कुणीतरी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडं असतात, हे पाहून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणल्या. मुलीने भावंडाला घेऊनच यायचं. तिला शाळा मिळाली, भावंडाला मोठ्या माणसाचे हात. अंगणात भरणाऱ्या बालवाडीची, म्हणजे अंगणवाडीची, कल्पनाही ताराबाईंचीच. देशाने तिचं नाव घेतलं, बालवाडी घेतली, पाळणा तेवढा मागे राहिला.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने तो पाळणा पुन्हा हलवला. तिथल्या गावांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘फुलवारी’ चालतात. गावातल्याच बाया दिवसभर मुलं सांभाळतात, शिजवतात, भरवतात. यात कुठलंही अवघड तंत्र नाही. एक खोली, एक चूल, पाणी, आणि पगार घेऊन बसणाऱ्या दोन बाया. पगाराचा मुद्दा मी मुद्दाम म्हणतो. लहान मुलाला भरवणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि ज्याला वेळ लागतो त्याला मोबदला असला पाहिजे. रोजगार हमीच्या कायद्यात ही गोष्ट मान्य झालेली आहे: कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला लावायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मातीच्या बांधावर जे चालतं ते वीटभट्टीवर आणि भाताच्या खाचरात का चालू नये? भट्टीमालकाने डझनभर जोड्यांमागे एक बाई मुलांपाशी ठेवली तर त्याच्या विटा थोड्याच कमी पडतील, आणि आया निर्धास्त राबतील.

कर्जत-खालापुरातल्या वाचकांना, विशेषतः ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांना, एक विनंती. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी असतो. बऱ्याच ठिकाणी तो शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर जातो. तो आवणीच्या हंगामातल्या पाळणाघरासाठी लावा. समाजमंदिराची खोली घ्या, वाडीतल्याच दोन बाया नेमा, अंगणवाडीचा शिधा तिथे शिजवा. आवणी जुलैत अंगावर येते, त्यामुळे ठराव १ मेच्या ग्रामसभेतच झाला पाहिजे. त्या सभेला बाया कमी येतात. तेव्हा विषय तुम्हीच मांडा.