नंतर बघू



परवा घरभेटीला गेलो असताना चहा झाल्यावर काका हळूच म्हणाले, "फादर, तुम्हाला कॉम्प्युटरमधले थोडेफार कळते. हे एकदा बघा ना." पडद्यावर विंडोजची नेहमीची सूचना होती : अपडेट तयार आहे, संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. काका पाच आठवडे ते पुढे ढकलत आले होते. मुलगा कुवेतला. त्याने पाठवलेले नातवंडांचे सगळे फोटो त्या संगणकात. "मध्येच लाइट गेली तर?" हा काकांचा प्रश्न. काकूंचे म्हणणे आणखी सरळ : "चांगले चालले आहे ना? मग हात कशाला लावायचा?"

ही भीती खुळी आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा भरवसा कोण देईल? आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे एक मोठे अपडेट आले, तेव्हा काही लोकांच्या फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावे लागले. ज्याने विश्वासाने बटण दाबले, त्याचेच नुकसान झाले.

पण दुसरी बाजूही पाहा. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. फायलींना कुलूप घालायचे आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हे त्याचे काम. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या तपासण्या व भेटी रद्द कराव्या लागल्या. मधे जवळजवळ दोन महिने होते. त्या काळात कितीतरी ठिकाणी कोणीतरी ‘नंतर बघू’ म्हटले असणार, आणि त्याची किंमत खाटेवरच्या रुग्णाने मोजली.

येथे खरा नैतिक प्रश्न येतो. आपल्याला वाटते, बटण दाबणे हा निर्णय. न दाबणे म्हणजे काहीच न करणे. तसे नसते. अंगणातल्या जुन्या टायरमध्ये पाणी साचू दिले तर मीही काहीच केलेले नसते, पण डास शेजारच्या मुलाला चावतो. वॉनाक्राय असाच एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. मिस्साच्या आरंभी आपण न केलेल्या गोष्टींबद्दलही क्षमा मागतो, ते उगाच नव्हे.

मग डोळे मिटून बटण दाबायचे का? तेही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’त विवेकाचे घटक सांगताना स्मरण, दूरदृष्टी, जाणत्यांकडून शिकण्याची तयारी आणि सावधगिरी यांना एकत्र बसवले आहे. सेमिनरीत मी ही यादी परीक्षेपुरती पाठ केली होती, हे कबूल करतो. आता वाटते, सावधगिरी म्हणजे थांबून राहणे नव्हे. आधी फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर काढणे ही सावधगिरी. मोठे नवे रूप देणारे अपडेट असेल तर आठवडा-दोन आठवडे थांबून इतरांचा अनुभव विचारणेही योग्य. सुरक्षेसाठी दरमहा येणारे मात्र लांबवू नये. एवढे करूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही. ती ऑपरेशनच्या टेबलावर तरी कुठे मिळते?

तर आम्ही आधी फोटो उतरवून घेतले. त्याला तास लागला, कारण काका प्रत्येक फोटोतला नातू ओळखून दाखवत होते. मग अपडेट सुरू झाले आणि चौतीस टक्क्यांवर बराच वेळ अडून बसले. काकूंनी माळ हातात घेतली. मीही पंख्याकडे पाहत होतो, फिरतोय ना म्हणून.

झाले एकदाचे. निघताना काकांनी विचारले, "पुढच्या महिन्यात परत यावे लागेल का, फादर?"

म्हटले, "चहाला येईन. बटण तुम्ही दाबायचे."

आपला,
प्रमुख धर्मगुरू