पगारी शुश्रूषा ही सेवा होते काय?

आमच्या दिंडीतील एका माळकरी भगिनीने नुकताच आम्हांस एक प्रश्न केला. त्या शिकलेल्या परिचारिका आहेत. मुले लहान, म्हणून आठवडाभर घर सोडवत नाही. शनिवार-रविवार यजमान घरी असतात, तेव्हा एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या घरी बारा तासांची रात्रपाळी त्यांनी धरली आहे. त्या म्हणाल्या, "रविवारचे भजन बुडते. लोक म्हणतात, शुश्रूषा ही सेवा खरी, पण तू तर पैसे मोजून घेतेस. मग माझ्या पदरी पुण्य ते काय?"

प्रश्न एकटीचा नाही. पुण्या-मुंबईत मुले परगावी आणि आईबाप खाटेवर, अशी घरे पुष्कळ. तिथे रात्र काढणाऱ्यांत आपली माळकरी मंडळीही आहेत. म्हणून याचा विचार करू.

पैसा घेतला की सेवा बाटली, हे आम्हांस मान्य नाही. सेना महाराज हजामतीवर पोट भरीत. ते पूजेत गुंतले तेव्हा राजाकडे त्यांच्या रूपाने देव गेला, अशी कथा आहे. तिचा अर्थ आपण 'भक्ताला काम माफ झाले' असा लावतो. पण काम माफ झाले कुठे? देवाने धोकटी खांद्याला लावली आणि ते स्वतः केले. मोलाचे काम त्याला हलके वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

पगार तासांचा मिळतो. ते तास खरे की पोकळ, हा प्रश्न निराळा. अशा रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास माकडहाड, खुबा, टाचा येथली कातडी लाल होते, मग फाटते; ती जखम भरायला महिने जातात. नळीने अन्न द्यायचे तर उशाकडची बाजू उंच हवी, आणि दिल्यावर लगेच आडवे निजवायचे नाही, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती. रात्री तीन वाजता घर झोपलेले असते. न उठता वहीत 'कूस बदलली' असे लिहिले तर विचारणारे कोण? पण विठ्ठल जाणतो, आणि त्या म्हातारीची पाठ जाणते. आमच्या मते परमार्थाची कसोटी इथे आहे, पगाराच्या पाकिटात नाही.

शनिवार-रविवारच्या पाळीला आणखी एक जोखीम असते. रोजची बाई सुटीवर, नेहमीचे डॉक्टर चटकन सापडत नाहीत, आणि रोग्याची नवीन माणसाला पुरती ओळख नसते. तेव्हा आल्याबरोबर आधीची वही वाचावी, जाताना स्वच्छ लिहून द्यावे. डॉक्टरांना विचारल्यावाचून औषधाची मात्रा आपल्या मनाने बदलू नये. 'देव आहे ना' म्हणून अंदाजाने इंजेक्शन देणे ही श्रद्धा नव्हे.

आता एकादशी. २०२५ साली आषाढी रविवारी, ६ जुलैला आली. अशी रात्र पाळीत सापडली तर काय करावे? पुंडलिकाने दारी आलेल्या देवालाही विटेवर थांबविले. कुणी म्हणेल, ते त्याचे स्वतःचे आईबाप होते. ठीक. पण वारीत आपण परक्यालाही 'माउली' म्हणतो, पाया पडतो. तो शब्द खरा असेल, तर खाटेवरची परकी म्हातारी कोण? मनात नाम चालू द्यावे, हात कामात ठेवावेत. उपासाने डोळ्यांवर झापड येत असेल तर फराळ करावा. जागर तिच्या उशाशी घडतोच आहे.

आणि पैसे देणाऱ्यांनाही दोन शब्द. "तुम्ही माळकरी, तुम्हांला सेवाच करायची, मग एवढे पैसे कशाला?" असे म्हणून मोल पाडणे हे अधर्माचे बोलणे आहे. सेवा हा शब्द करणाऱ्याने मनात धरायचा. देणाऱ्याने तो घासाघिशीला वापरू नये. मुलगा दूर आहे, माणूस ठेवतो, यात दोष नाही. मात्र मोल देऊन श्रम फिटतात, आईचे ऋण फिटत नाही. घरी आल्यावर घटकाभर तरी तिचा हात हाती घेऊन बसावे. ते काम बाईच्या पाळीत मोडत नाही.

भगिनीला आमचे सांगणे इतकेच : मोल पुरते घ्यावे, काम चोख करावे, आणि रात्री तीनला उठताना 'माउली' म्हणून उठावे. रामकृष्णहरि.