उंबरठ्यावरचे पाठभेद : वेष्टन, संग्रह आणि विवेक

एखादी कृती आणि ती ज्या वेष्टनातून आपल्या हाती येते ते वेष्टन, यांच्यातील संबंध कोणत्या प्रकारचा असतो, हा प्रश्न आपल्या समीक्षेने सहसा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही. मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर, आवृत्तीची नोंद, किंमत या गोष्टी संहितेबाहेरच्या, म्हणून प्रकाशकाच्या आणि ग्रंथपालाच्या अखत्यारीतल्या, असे आपण गृहीत धरतो. या गृहीतकाला धक्का देणारे एक उदाहरण वाङ्मयाबाहेर, काहीशा अनपेक्षित क्षेत्रात सापडते. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवणारे संग्राहक खेळापेक्षा त्याचे खोके आणि त्यावरचे लेबल अधिक बारकाईने पाहतात. हा छंद बाहेरून पाहणाऱ्याला बालिश वाटण्याचा संभव आहे. तथापि भेदाला मूल्य केव्हा प्राप्त होते, आणि ज्याच्या हाती तो भेद आहे त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हा त्यातून निघणारा प्रश्न मुळीच बालिश नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. अटारी कंपनीचा १९७७ साली आलेला संच घेतला, तर त्याच्या आरंभीच्या कॅसेटींवर केवळ अक्षरे असलेली लेबले दिसतात. पुढे चित्रांची लेबले आली आणि उत्तरकाळात चंदेरी व लाल रंगांची. हेच खेळ सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने 'टेली-गेम्स' या छापाखाली विकले, आणि त्यांतील अनेकांची नावेही बदलली. 'कॉम्बॅट' हा खेळ तेथे 'टँक प्लस' झाला. निन्टेन्डोच्या १९८५ नंतरच्या अमेरिकी संचाची आरंभीची खोकी गोल चिकटचकतीने बंद केलेली असत, नंतर ती प्लास्टिकच्या घट्ट आवरणात येऊ लागली. काही खोक्यांना दुकानात टांगण्यासाठी मागे पुठ्ठ्याची पट्टी असे. कॅसेट आधी पाच स्क्रूंची होती, पुढे तीन स्क्रूंची झाली. या बदलांचा खेळाशी संबंध नाही. पडद्यावर उमटणारा रणगाडा तोच राहतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने या प्रती एकरूप आहेत. संग्राहकाच्या दृष्टीने प्रत्येक प्रत निराळी आहे.

नेल्सन गुडमन यांनी १९६८ साली 'लँग्वेजिस ऑफ आर्ट' या ग्रंथात मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो. काही कलांत कृतीची अस्सलता तिच्या घडणीच्या इतिहासावर अवलंबून असते. चित्राची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते. काही कलांत मात्र अक्षरानुक्रम किंवा स्वरलेखन बिनचूक असले की पुरते. कवितेची कोणतीही शुद्ध प्रत ही ती कविताच असते. पहिल्या प्रकाराला आपण हस्तबद्ध आणि दुसऱ्याला संकेतबद्ध म्हणू. गुडमन यांच्या विवेचनातील मार्मिक भाग असा की, ठशावरून काढलेली मुद्राचित्रे अनेक असूनही ते हस्तबद्धच मानतात, कारण त्या विशिष्ट ठशावरून प्रत निघाली की नाही हे तेथे निर्णायक असते. व्हिडिओ गेमची कॅसेट ही या दोन्ही प्रकारांची गाठ आहे. आतला प्रोग्रॅम पूर्णतः संकेतबद्ध आहे. बाहेरचे छापील लेबल हस्तबद्ध आहे. संग्राहक कृतीचे केंद्र आतून बाहेर सरकवतो. हे सरकवणे समर्थनीय आहे काय?

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचा एक परिचित पूर्वावतार आठवेल. तो म्हणजे पाठचिकित्सा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणीही तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. भेद हा तेथे दोष आहे. मूळ ग्रंथाला चढलेला मळ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच शोधाची आधुनिक परिणती होय. परंतु वि. सी. सुकथनकरांच्या संपादनपद्धतीत एक सूक्ष्म नैतिक निर्णय दडलेला आहे. जे पाठ संपादकाने स्वीकारले नाहीत ते त्याने नष्ट केले नाहीत. पृष्ठाच्या तळाशी, कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे याच्या संकेतचिन्हांसह, ते जपले. संपादकाचा निर्णय उद्याच्या वाचकाला तपासता यावा, हा त्यामागचा हेतू. निवड करायची, पण निवडीचा पुरावा खुला ठेवायचा, हा पाठचिकित्सेचा धर्म आहे. संग्राहकाच्या विवेकाची कसोटीही याहून वेगळी असू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

परंतु लेबल हा 'पाठ' आहे काय? जेरार जनेत यांनी १९८७ साली आपल्या ग्रंथाला जे फ्रेंच नाव दिले त्याचा अर्थ 'उंबरठे' असा होतो. शीर्षक, मुखपृष्ठ, प्रस्तावना हे संहितेचे उंबरठे. तेथे वाचकाचा संहितेत प्रवेश होतो आणि प्रवेशाची रीतही ठरते. आपल्याकडे उंबरठा हे केवळ दारातले लाकूड नव्हे. त्यावर हळदकुंकू वाहिले जाते, तो ओलांडण्याला अर्थ असतो. भारतातल्या १९९०च्या दशकातील कॅसेटी पाहिल्या, तर हा उंबरठा किती फसवा असू शकतो हेही कळते. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांच्या संचांबरोबर घरोघर आलेल्या पुष्कळशा कॅसेटी मूळ कंपनीच्या नव्हत्या. त्यांच्या लेबलांवर खेळांची संख्या हजारांत, कधी लाखांत छापलेली असे. आत मूठभर खेळ निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू होऊन पुनःपुन्हा येत. छापणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. तरीही एका संपूर्ण पिढीने या खोट्या उंबरठ्यावरूनच त्या जगात पाऊल ठेवले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेली अशी कॅसेट आज 'नकली' म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. मात्र आपल्या समाजात हा खेळ प्रत्यक्षात कसा पोहोचला, याची साक्ष तेच निनावी लेबल देते. अस्सल अमेरिकी खोके ती साक्ष देऊ शकत नाही.

छापलेल्या वस्तूचा असा इतिहास मावळातही घडलेला आहे. वलवण हे लोणावळ्यालगतचे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते त्याच्या धरणामुळे. लोणावळ्याहून लोहमार्गाने पुण्याकडे निघाले की पुढचे स्थानक मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत स्थापन केलेला शिळाछापखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळके यांच्या मुद्रणव्यवसायातील उमेदवारीशीही या छापखान्याचे नाव निगडित आहे. १९७२ साली लागलेल्या आगीत तो नष्ट झाला. येथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची रंगीत चित्रे देशभर गेली. श्लायशर यांच्या काळात व्यापारी मालाची लेबले आणि जाहिरातीही येथे छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे 'चित्र' आणि 'लेबल' ही आपण आज इतकी दूर मानलेली दोन टोके एकाच छपरा‌खाली नांदत होती.

या चित्रांचे संग्राहक प्रथम पाहतात ती चित्राखालची पांढरी पट्टी. तेथे छापखान्याचे नाव आणि ठिकाण असते : कोठे मुंबई, कोठे कार्ले-लोणावळे, कोठे मळवली. एकच लक्ष्मी, पण पट्टीवरचे गाव निराळे. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागतो. कागद त्या साऱ्या दगडांवरून एकामागून एक जातो. तो केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग ओठांच्या रेषेबाहेर सांडतो. असा सांडलेला रंग हा कोणा एका कामगाराच्या एका दिवसाचा ठसा असतो, आणि त्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते. यापुढचा भेद घरी निर्माण झाला. अनेक घरांत या चित्रांवर जर आणि टिकल्या चिकटवून देवीला अक्षरशः साडी नेसवली गेली. देवघरातल्या चित्रांवर हळदकुंकवाचे डाग पडले.

या उदाहरणांवरून भेदाचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिला निर्मितीतला भेद : बदललेला दगड, बदललेले गाव, पाचाऐवजी तीन स्क्रू. तो श्रमाची, काटकसरीची, स्थलांतराची बातमी देतो. दुसरा वापरातला भेद : कुंकवाचा डाग, जरीची किनार, कॅसेटच्या लेबलावर बॉलपेनने लिहिलेले मुलाचे नाव. ती वस्तू कोणाच्या आयुष्यात कशी वावरली हे तो सांगतो. तिसरा बाजारातला भेद : दुर्मीळता. तो वस्तूत नसतो. उरलेल्या प्रतींची संख्या आणि मागणी यांच्या गुणोत्तरात असतो. पहिले दोन भेद वाचता येतात, तिसरा फक्त मोजता येतो. संग्रहाच्या व्यवहारातला नैतिक पेच असा की तिसरा भेद पहिल्याचा पोशाख घालून येतो आणि दुसऱ्याला हाकलून देतो. पाच स्क्रूंना भाव मिळतो तो कारखान्याच्या इतिहासासाठी नव्हे. आणि मुलाचे नाव लिहिलेले लेबल 'खराब' ठरते.

या पेचाचे टोक म्हणजे न उघडलेले खोके. 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या खेळाची एक सीलबंद प्रत जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. हा खेळ मुळीच दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो त्याचा अस्पर्श. उघडण्यासाठी केलेल्या वस्तूचे मूल्य ती न उघडण्यावर अवलंबून राहावे, ही विसंगती सहज टीकेचा विषय होते. पण टीका घाईने करू नये. वाल्टर बेन्यामिन यांनी संग्राहकाची बाजू मांडताना म्हटले होते, की तो वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सोडवतो. शिवाय ज्या खोक्यांमुळे आरंभीची बंदिस्ती कशी होती हे आज आपल्याला कळते, ती कोणीतरी उघडली नाहीत म्हणूनच उरली. वाचकाचा सद्गुण वस्तू झिजवतो आणि संग्राहकाचा अवगुण ती टिकवतो, ही अडचण खरी आहे.

तिचे उत्तर 'उघडावे की उघडू नये' या द्वंद्वात मिळणार नाही. बेन्यामिन यांचा संग्राहक वस्तूला विक्रेयतेतूनही सोडवू पाहतो. दर्जाचा आकडा लावून पारदर्शक पेटीत बंद केलेले खोके मात्र उपयुक्ततेतून सुटून विक्रेयतेत अधिक घट्ट अडकते. त्यात साक्ष असेलही, पण ती कोणी ऐकत नाही. येथे सुकथनकरांची तळटीप पुन्हा आठवावी. संग्राहकाने आपल्या प्रतीतील भेद नोंदवला, त्याचा उगम सांगितला, ती नोंद इतरांना पाहू दिली, तर त्याचा संग्रह ही एक चिकित्सक आवृत्ती होते. मग खोके उघडे असो वा बंद. अशा नोंदीवाचून अत्यंत दुर्मीळ प्रतही संदर्भ हरवलेला पाठभेद होऊन राहते.

याच कसोटीवर आणखी एका व्यवहाराचा निर्णय लावता येतो. फाटलेल्या लेबलाच्या जागी हुबेहूब नवे लेबल छापून चिकटवणे आज अगदी सोपे झाले आहे. रविवर्म्यांच्या चित्रांच्या नव्या छपाईला जुनाटपणाचा रंग देणेही तितकेच सोपे. नवे लेबल नवे म्हणून लावले तर ती दुरुस्ती. जुने म्हणून लावले तर ती प्रक्षिप्त ओवी. एकनाथांचा निषेध लागू पडतो तो या दुसऱ्या प्रकाराला. घरच्या बाईने चिकटवलेली जर मात्र प्रक्षेप नव्हे; तिने ती मूळ म्हणून खपवली नाही, ती उघडपणे तिचीच भर होती. अपप्रवृत्ती भर घालण्यात नसून भरीचा कर्ता लपवण्यात असते.

हे सारे आपण खेळण्यांच्या आणि कॅलेंडरांच्या जगाबद्दल बोलत आहोत असे समजून वाङ्मयाच्या अभ्यासकाने निश्चिंत होऊ नये. मराठी ग्रंथालयांत पुस्तक जीर्ण झाले की ते बांधणीला जाते. दीनानाथ दलाल किंवा वसंत सरवटे यांचे मुखपृष्ठ निघते, मलपृष्ठ जाते, कडा कापल्या जातात, आणि सर्व कादंबऱ्या एकाच रंगाच्या पुठ्ठ्यात शेजारी उभ्या राहतात. संहिता वाचली, असे आपण म्हणतो. पण ती कादंबरी तिच्या पहिल्या वाचकासमोर कोणता चेहरा घेऊन आली, दुसऱ्या आवृत्तीत तो का बदलला, हे सांगणारा पाठ आपण आपल्याच हाताने कापून टाकलेला असतो. तळटीपेत भेद जपणाऱ्या परंपरेचे वारस म्हणवणाऱ्यांनी उंबरठ्यावरचे भेद इतक्या सहज सोडून द्यावेत, ही मोठी विसंगती आहे.

व्हिडिओ गेमचा संग्राहक लेबलापाशी थांबतो आणि आत जात नाही, अशी त्याच्याविषयी आपली तक्रार असते. आपण लेबल फाडून थेट आत जातो, ही त्याची आपल्याविषयी तक्रार असू शकेल. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. बांधणीला पुस्तक पाठवताना निघालेले मुखपृष्ठ त्याच पुस्तकात आतल्या बाजूस शिवून ठेवणे, आणि त्यावर आवृत्तीचे साल लिहिणे, याला फारसा खर्च येत नाही. सिद्धान्ताची चर्चा तेथून सुरू झाली तरी चालेल.