भरून पावलो

पूर्वज या प्राण्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो उलट उत्तर देत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं. आमच्या ओळखीच्या कुठल्याही घरी जा, दहाव्या मिनिटाला चहा येतो आणि पंधराव्या मिनिटाला पूर्वज येतो. तो पेशव्यांच्या पदरी असतो, नाहीतर आंगऱ्यांच्या आरमारात असतो. अगदीच काही नाही तर त्याने एक वाघ तरी मारलेला असतो. आमचे खापरपणजोबा टपाल वाटत हिंडायचे, असं सांगणारं घर मला अजून भेटायचं आहे. वास्तविक हिशेब सोपा आहे. दोन आईबाप, चार आजीआजोबा असं करत दहा पिढ्या मागे गेलं की तिथे एक हजार चोवीस माणसं आपली वाट पाहत उभी असतात. (जवळच्या नात्यात लग्नं झाली असतील तर थोडी कमी.) त्यातला तलवारवाला तेवढा आपण निवडतो आणि बाकीच्या एक हजार तेवीस जणांना वाटेला लावतो. त्यांतल्या पाचशे बारा बायका तर कुलवृत्तान्तवाल्यांनी मुळात मोजलेल्याच नसतात.

रत्नागिरीला ही गंमत जास्तच कळते. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला. त्याच्यासाठी १९१० साली राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. पुढे त्याची थोरली राजकन्या मायदेशी जाऊन परत रत्नागिरीलाच आली आणि इथलीच होऊन राहिली. म्हणजे ज्या गावात खऱ्या राजाची मुलगी चारचौघींसारखी राहिली, त्याच गावात चारचौघांचे नातू आपल्या घराण्यातला राजा शोधायला दफ्तरं धुंडाळत असतात.

पण घराण्याला नुसता पूर्वज पुरत नाही. पूर्वजाला बुडवणाराही लागतो. त्याच्यावाचून सध्याच्या परिस्थितीचा खुलासा होत नाही. पूर्वी एवढं वैभव होतं, तर मग आज आपण दोन खोल्यांत का? तर कोणीतरी बुडवलं. कुणाकडे तो भाऊबंद असतो, कुणाकडे मुनीम. आमच्याकडे तो मिरकरवाड्याचा एक तांडेल होता.

कथा अशी. आमचे पणजोबा रत्नागिरीला असत. भिक्षुकी नव्हती, नोकरी नव्हती. चार लोकांना पैसे उसने द्यायचे आणि व्याजावर संसार चालवायचा. मिरकरवाड्याच्या एका तांडेलाने मचवा बांधायला त्यांच्याकडून तीनशे रुपये घेतले, माल भरून मलबारकडे गेला, आणि पैसे घेऊन जो नाहीसा झाला तो झालाच. पणजोबा खचले. १९०० साली बायकामुलांना घेऊन आगबोटीने मुंबईला आणि तिथून पुण्याला आले. पणजीने आपल्या पाटल्या मोडून आजोबांना शिकवलं. पुढचं सगळं, म्हणजे भाड्याची खोली, शिकवण्या, कारकुनी आणि शेवटी मी, हे त्या तीनशे रुपयांचं व्याज.

ही कथा आमच्या घरात इतकी मुरली होती की तिची म्हण झाली होती. शेजारी वाटीभर साखर गेली आणि वाटी परत आली नाही, तर ती 'मिरकरवाड्याला गेली'. धाकट्या काकांनी मित्राला पाचशे रुपये दिले तेव्हा माझी आत्या म्हणाली, "पोचले मिरकरवाड्याला!" लहानपणी मला मिरकरवाडा हे गाव आहे हेच माहीत नव्हतं. जगातल्या सगळ्या न परतणाऱ्या वस्तू जिथे जमा होतात असं ते एक ठिकाण असावं, अशी माझी समजूत होती.

आमच्या चुलतभावाने आता घराण्याचा कुलवृत्तान्त छापायला काढला आहे. त्यात तांडेल येणार हे उघडच होतं. 'एका विश्वासघातकी तांडेलामुळे' असं वाक्य तयार होतं. फक्त त्याला एखादा कागदाचा आधार मिळाला तर भारदस्त दिसेल, म्हणून रिकामा माणूस या नात्याने माझी रवानगी रत्नागिरीला झाली.

ज्या कचेऱ्यांनी मला एकमेकींकडे पाठवलं त्यांची नावं मी सांगत नाही. त्यांनीही मला माझं विचारलं नव्हतं. शेवटी गाडी दस्तनोंदणीवर येऊन थांबली. स्थावर गहाण टाकून शंभर किंवा त्याहून जास्त रुपये उचलले तर १८७७ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागे. तेव्हा तीनशे रुपयांचा व्यवहार तिथे असायलाच हवा होता. टेबलाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय काढायचंय? वारस की वाटणी?"

मी म्हटलं, "इतिहास."

"त्याला वेगळी फी नाही," त्या म्हणाल्या, आणि अर्ज पुढे केला.

ज्याने आयुष्यात एकदा तरी फ्लॅट घेतला आहे त्याला 'इंडेक्स टू' हा शब्द आपल्या जन्मतारखेइतका पाठ असतो. ती मिळकतींची सूची. तिच्या आधीची जी 'इंडेक्स वन', ती माणसांची. देणारा कोण, घेणारा कोण. स्थावराच्या दस्तांचं एक नंबरचं पुस्तक आणि या सूच्या फी भरून कोणीही पाहू शकतो. मृत्युपत्रांचं पुस्तक मात्र असं कोणालाही उघडून मिळत नाही, आणि ते बरंच आहे. तर पणजोबांचं नाव सूचीत सापडलं. एकदा नव्हे, दोनदा.

दस्त मोडीत होता. मोडी म्हणजे ह्रस्वदीर्घाची पर्वा न करता, शब्द न तोडता, हात न उचलता केलेला प्रवास. मला तिच्यातलं 'श्री' तेवढं ओळखता येतं. माझ्याबरोबर मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. पहिला दस्त शके १८१६ चा, म्हणजे १८९४ चा. मिरकरवाड्यातलं घर आणि त्यामागची नारळीची जागा गहाण, रुपये तीनशे. खाली तांडेलाला लिहिता येत नव्हतं म्हणून निशाणी. शेतकरी जुन्या कागदांवर सहीच्या जागी नांगर काढत, बायकांची निशाणी बांगडी असे. इथेही नांगरच होता, पण गलबताचा. नक्कल उतरवणाऱ्या कारकुनाने मजकुराबरोबर चित्रही इमानाने उतरवलं होतं.

दुसरा दस्त शके १८२१ चा. शिक्षक वाचता वाचता थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. तो आमच्या पणजोबांनी लिहून दिला होता. सदरहू गहाणाचं मुद्दल व आजतागायतचं व्याज 'भरून पावलो', मिळकत मोकळी केली, आता काही देणं राहिलं नाही. खाली सही. सही सुरेख होती.

पाच वर्षांत, व्याजासकट, सगळे पैसे फिटले होते. आणि आम्ही सव्वाशे वर्षं त्या माणसाला विश्वासघातकी म्हणत होतो.

आता प्रश्न असा पडतो, की मेलेल्या माणसाची बदनामी झाली तर ती भरून कोणाला द्यायची? कायद्याने याचा विचार केलेला आहे. भारतीय दंड विधानाच्या ४९९ कलमाच्या पहिल्याच स्पष्टीकरणात मेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते असं म्हटलं होतं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेच्या ३५६ कलमातही ते कायम आहे. पण अट अशी, की त्यामागे त्याच्या घरच्यांची मनं दुखावण्याचा हेतू पाहिजे. म्हणजे घरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, पुण्यातल्या पुण्यात, जेवताना शिव्या दिल्या तर गुन्हा नाही. अॅरिस्टॉटललाही हा प्रश्न पडला होता. आपल्यामागे घडणाऱ्या गोष्टींचा मेलेल्याच्या सुखाला धक्का लागतो का? लागत असला तरी फारसा नाही, असं त्याने ठरवलं. त्याने पिंडाशी ताटकळलेली माणसं आणि झाडावर बसून राहिलेला कावळा पाहिला नव्हता. आपल्याकडे मेलेल्याची साधी लोणच्याची इच्छा राहिली तरी कावळा शिवत नाही. आणि पै न पै फेडलेल्या माणसाला बुडव्या म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही, हे मला काही पटत नाही. नुकसान कळलं नाही म्हणून ते झालंच नाही असं म्हणायचं, तर खिसेकापूने फार सफाईने काम केलं की चोरीच होत नाही असं म्हणावं लागेल.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मिरकरवाड्याला गेलो. जुलै महिना. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटी वर ओढून, प्लॅस्टिक पांघरून पावसात बसल्या होत्या. लिलावाचा आरडाओरडा नव्हता. समोर रत्नदुर्गावर ढग टेकले होते. दस्तातलं आडनाव चहाच्या टपरीवर विचारलं तर तीन घरं निघाली आणि तिसऱ्या घराच्या पडवीत एक सत्तरीपलीकडचे गृहस्थ जाळं शिवत बसले होते. (आडनाव इथे देत नाही. आमच्या घराण्याने त्या माणसाबद्दल पुरेसं बोलून झालं आहे.)

मी म्हटलं, "नाखवा, तुमच्या घरातल्या एकांनी आमच्या पणजोबांकडून तीनशे रुपये घेतले होते."

सुई थांबली. "कदी?"

"अठराशे चौऱ्याण्णव साली."

"द्यायचे रायलेत?"

"नाही. फेडले. व्याजासकट."

"मंग तुमी आलाव कशाला?"

गेल्या सव्वाशे वर्षांत आमच्या घराण्याला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नसेल. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे असं असं म्हणत असत. ते ऐकून नाखवा चिडतील अशी माझी तयारी होती. थोडे चिडले असते तर मला बरंही वाटलं असतं. पण ते जरा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "आमच्यात तुमचा कोन नाव पन घेत नाय." आम्ही ज्यांच्याशी चार पिढ्या वैर धरलं होतं, त्यांना आम्ही आहोत याचाच पत्ता नव्हता!

मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "त्या म्हाताऱ्याचा नाव काय म्हनलाव?" दस्तात जुन्या रीतीप्रमाणे 'अमुक बिन तमुक' असं बापाच्या नावासकट लिहिलं होतं. मी दोन्ही नावं वाचली. त्यांना आजोबांच्या पलीकडचं एकही नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी आतून नातवाला हाक मारली, मला पुन्हा वाचायला लावलं, आणि त्या पोराने ती नावं मोबाइलवर लिहून घेतली. दफ्तरात गरीब माणूस शिरतो तो कर्ज काढताना, फिर्याद लागल्यावर, नाहीतर मेल्यावर. पैसे फेडून सुखाने राहिलेल्यांची नोंद ठेवायचं कलम अजून निघालेलं नाही. या घराचे दोन पूर्वज आज कागदावर उरले होते ते केवळ त्यांना एकदा आमच्या दारात यावं लागलं म्हणून.

नक्कलेवरचा नांगर नाखव्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला. "ह्याला चार आकडे आसतात. ह्यानी तीनच काडलेत," ते म्हणाले. "चवथा मागं आसंल."

परत आल्यावर चुलतभावाला दस्त दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि लगेच डोळे बारीक करून म्हणाला, "म्हणजे पैसे परत आले. मग गेले कुठे? पणजोबांना काही नाद असणार." त्याने दहा मिनिटांत दोन नाद सुचवलेसुद्धा. त्या बाईंनीही मला विचारलं होतं, हेच नाव पुढच्या सालांच्या सूचीत बघायचंय का? मी नको म्हटलं होतं. बघायला हरकत नाही. पुढच्या खेपेला बघेनही. पण बघण्याआधी नाद नको. एक बुडवणारा हातचा गेला म्हणून त्या जागी तातडीने दुसरा नेमायचा, आणि तो घरचाच आहे म्हणून पुराव्याचीही गरज नाही, हे म्हणजे शिवी तीच ठेवून पत्ता बदलण्यासारखं झालं. तीनशे रुपये आजारपणात गेले असतील, कुणाच्या लग्नात गेले असतील. प्रवासातही जातात.

आत्याला सांगायचं की नाही यावर घरात दोन तट पडले. आत्या नव्वदीची. तिने ही कथा प्रत्यक्ष तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. या वयात कशाला, असं बहुमत होतं. मला ते मान्य नव्हतं. नव्वदी झाली म्हणून माणसाला खोटं पुरवायचा परवाना इतरांना मिळत नाही. मी सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मुद्दल दिलं असेल," ती म्हणाली. "व्याजाचं काय?"

"व्याजासुद्धा, आत्या. पणजोबांची सही आहे."

ती बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहत होती. मग म्हणाली, "आजीला ठाऊक होतं का रे?"

हे कुठल्याच सूचीत नसतं. मी तसं तिला सांगितलं.

"त्या वाक्याचं काय करताय?" तिने विचारलं.

वाक्य काढून टाकू, असं चुलतभाऊ म्हणत होता. न छापलं की प्रश्न मिटला. आत्याने मान हलवली. इतकी वर्षं चारचौघांत बोललो, आता गुपचूप खोडायचं कसलं? छापा म्हणाली, तारखेसकट. तेव्हा सध्या घोडं पान बावन्नवर अडलं आहे. चुलतभावाला ते तळटिपेत, बारीक टाइपात हवं आहे. मी मोठ्या टाइपात, मजकुरात मागतो आहे. पणजोबांच्या वाघाला अर्धं पान दिलेलं आहे, त्यातून चार ओळी निघतील असं माझं म्हणणं. वाघ काढायला तो तयार नाही.